सोनाराची राही आणि फटफटीचा स्क्रू

बंद पडायला फटफटीला अख्खी जव्हारची पेठ मोकळी होती. पण ती थांबली नेमकी अप्पा सोनारांच्या ओट्यापुढे. दोनदा खोकली, एकदा शिंकली आणि गप्प झाली.

ओट्यावर राही बागेसरीतले, सोनारी शेगडीतले, निखारे फुंकत होती. तिनं मान वर केली. संस्थानात तेव्हा फटफट्या मोजक्याच, आणि ही दवाखान्याची. पण स्वार नवा होता. खाकी कोट, धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि छातीशी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं... असं कवटाळलेलं की आत तान्हं मूल असावं.

त्यानं आधी ते मडकं सावलीत ठेवलं, मग गाडीकडे पाहिलं. राहीच्या मनात त्याच्या नावावर शाबासकीची पहिली खूण तिथंच पडली.

नंतर मात्र त्यानं जे केलं ते बघवत नव्हतं. पेचकस लावला, तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मग खिशातून चाकू काढला, आणि राहीला राहवेना.

"अहो, त्यानं काय केलंय तुमचं?"

"कुणी?"

"त्या स्क्रूनं. इतका राग?"

तो ओशाळून हसला. "राग माझाच मला येतोय. ठिणगी पडत नाहीये. झाकण काढून आत पुसलं की चालेल, ते मला येतं. पण घाईघाईत स्क्रूची खाच मीच झिजवून टाकली. आता पेचकस धरतच नाही."

मीच झिजवली! राही बघतच राहिली. ओट्यावर रोज माणसं यायची. कुणाचं पैंजण आपोआप तुटलेलं असायचं, कुणाची कानातल्याची फिरकी सासूनं बिघडवलेली असायची. आपल्या हातानं बिघडवलं म्हणणारा हा पहिलाच.

"आणि घाई कसली एवढी?"

"मडक्यात देवीची लस आहे. मी भास्कर, नवा देवी टोचणारा. आज मोखाड्याचा बाजार, सगळ्या पाड्यांची माणसं तिथं येणार. ऊन चढलं की लस नासते आणि दुपारी बाजार उठतो. मग ती पोरं पुन्हा कुठं गाठू?"

राहीचा हात नकळत गालावर गेला. सातव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या. ती वाचली, पण चेहऱ्यावर वण राहिले. बघायला येणारी मंडळी पोहे संपवून "कळवतो" म्हणून जायची आणि कळवायची विसरायची. आता तर तिला पोह्यांचाच कंटाळा आला होता.

"अप्पा," तिनं आत वडिलांना हाक मारली, "मी बघू का?"

"बघ की," आतून आवाज आला. अप्पांची नजर मंदावल्यापासून नाजूक काम सगळं तीच करायची. "पण पेट्रोल असतंय त्यात. फुंकणी नको लावूस."

ओट्याच्या कडेला नवशी बसली होती. मोखाड्याकडच्या पाड्यावरची म्हातारी, चांदीचं कडं सांधायला आलेली. ती म्हणाली, "बघ गं पोरी. आमचे पाड्यात औंदा दोन पोरां देवीनं गेली."

राही पदर खोचून गाडीशी उकिडवी बसली. स्क्रूभोवतीची धूळ तिनं कुंचल्यानं झाडली, तेलाचा एक थेंब सोडला. निखाऱ्यात लाल केलेली बारीक सळई आणून नेमकी स्क्रूच्या माथ्यावर टेकवली. धातू तापला, तेल चुरचुरत आत उतरलं.

भास्कर इतका वाकला होता की त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

"जरा मागं सरता? तुमची सावली पडतेय."

"हो... सरतो." तो बोटभर सरला.

"असं करा, बोला काहीतरी. आजीबाईंच्या कानात फिरकी अडकली ना, की आम्ही त्यांना बोलतं ठेवतो. गप्प बसलं की माणूस अंग चोरतं."

"पण फिरकी गाडीच्या कानात अडकलीय."

"अंग तुम्ही चोरताय."

नवशी खो खो हसली. भास्कर लाल झाला आणि बोलायला लागला. आई नाशकात, स्वयंपाक येत नाही, भाकरी करायला गेलं की नकाशा होतो. पाड्यावर गेलं की बाया पोरांना धान्याच्या कणगीत लपवतात. एकदा तर एक पोरगं आतून शिंकलं आणि आई म्हणाली, मांजर आहे!

राहीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण हात हलत नव्हता. कानशीच्या कडेनं ती झिजलेल्या माथ्यावर नवी खाच पाडत होती. सावकाश... फुंकर... पुन्हा सावकाश. मग हातोडीनं टकटक, अगदी हलकी. पेचकस खाचेत बसवला आणि तिनं तो उलटाच, आवळायच्या बाजूला फिरवला.

"अहो, तिकडे नाही!"

"ठाऊक आहे. आधी केसभर आवळायचा. धरून बसलेलं सुटतं मग."

कट्... एवढासा आवाज आला. स्क्रू सुटला.

भास्करनं स्क्रूकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे पाहत होता, पुऱ्या चेहऱ्याकडे, कुठंही नजर न चुकवता.

"काय बघताय?" राहीनं तुटकपणानं विचारलं.

"हात बघावेत की... नाही, काही नाही."

"झाकण उघडा. ऊन चढतंय."

आतलं काम त्याचं. त्यानं बारीक कागदानं काजळी पुसली, झाकण बसवलं, नव्या खाचेचा तोच स्क्रू आवळला. लाथ मारताच फटफटी गर्जली, पेठेतली कुत्री पळाली.

"पण बाया नाय येत तुझेकडे," नवशी पुढं झाली. "मला ने. मी बोलवतां त्यांना."

"आजी, गाडीवर?"

"मग काय डोकीवर?"

आणि जव्हारच्या पेठेनं ते दृश्य पाहिलं. पुढं भास्कर, मागं लुगडं खोचून बसलेली नवशी, तिच्या मांडीवर लसीचं मडकं. धूळ खाली बसली तरी राही उभीच होती. म्हातारीचा हेवा वाटावा, ही काय रीत झाली?

दिवसभर तिनं कडं सांधायचा एकच डाग तीनदा लावला. मनात एकच, पोचली असेल का? लस टिकली असेल का? कणगीतली पोरं बाहेर आली असतील का?

उन्हं कलल्यावर फटफट ऐकू आली. पुन्हा ओट्यापुढेच थांबली.

"काय मोडलं?" राहीनं विचारलं.

"काही नाही." भास्करचा घसा धुळीनं बसला होता. "सगळी लस संपली. एक थेंब उरला नाही. आजीला फटफटीवर बघून अख्खा बाजार गोळा झाला. जो टोचून घेईल त्यालाच गाडीला हात लावू देईन, असं आजीनंच सांगून टाकलं. पोरं आपणहून दंड पुढं करत होती!"

राहीचे डोळे भरून आले. तिनं ते निखाऱ्याच्या धुरावर ढकललं.

"दवाखान्यात खूश झाले असतील."

"तिकडे अजून गेलो नाही... आधी इथं आलो."

राहीनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"आजी पाड्यावर उतरेपर्यंत वाटभर एकच सांगत होत्या," तो चाचरला. "पण ते अप्पांसमोर..."

"मी ऐकत नाहीये," आतून अप्पा म्हणाले. "बोला."

"म्हणाल्या, पोरीला आधी विचार, मग बापाला." भास्करनं टोपी काढली, पुन्हा घातली. "विचारू?"

"मी हा ओटा सोडणार नाही," राही म्हणाली. तिनं नजर खाली घेतली नाही. "आणि चेहरा असाच राहणार."

"ओटा माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आणि चेहरा..." त्यानं टोपी पुन्हा काढली. "मोखाड्याहून येताना मला सगळा वेळ तोच दिसत होता."

राहीनं पदरानं ओट्याची एक बाजू झटकली.

"उभे का? बसा ना," ती म्हणाली. "भाकरी टाकते. गोल."