ब्रेकची उजवी बाजू

नाचता येईना अंगण वाकडं, असं नणंदेनं भावजयीला सुनावायला एरवी कारण लागत नाही. त्या सकाळी तर मिस्त्रिणीला आयतंच कारण मिळालं. वहिनीनं रायफल आणून कामाच्या टेबलावर, जुन्या घोंगडीवर आडवी ठेवली आणि गोळ्या उजवीकडे जाताहेत म्हणून सांगितलं. मिस्त्रिणीनं म्हण पुरती बोलून घेतली आणि मगच हात पुसले.

मिस्त्रीण म्हणजे तिची धाकटी नणंद. बंदुका दुरुस्त करणं हा तिचा धंदा. तो वडिलांकडून आलेला, आणि घराची मागची खोलीही त्याच्याबरोबर आलेली. उत्तरेला मोठी खिडकी, तिच्याखाली पकड ठोकलेलं टेबल, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, आणि सगळ्याला तेलाचा वास. त्या खोलीत येणारं माणूस आपोआप हळू बोलायचं. वहिनी मात्र लग्न होऊन आली तशी मोठ्यानंच बोलत आत शिरली होती, आणि नळीला डोळा लावून विचारलं होतं, मी एकदा मारून बघू का? त्या दिवसापासून दोघींचं जमलं. दादा म्हणायचा, मी बायको केली की बहिणीला मैत्रीण आणून दिली, तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या संघाची निवड होती. संघात एकच जागा शिल्लक होती. वहिनीच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की हे वर्ष शेवटचं. जागा मिळाली तर ती परदेशी जाऊन खेळणार होती. नाही मिळाली तर रायफल पेटीत जाणार होती, ती कायमचीच. वहिनी हे बोलून दाखवत नव्हती. पण सकाळपासून तिनं चहाचा कप तीनदा भरला होता आणि तीनदा तसाच ठेवला होता.

"घोडं कुठं पेंड खातंय ते बघा वन्सं," ती म्हणाली. "माझा हात खोटा असेल तर तसं तोंडावर सांगा."

मिस्त्रिणीनं आधी दुर्बिणीला हात घातला, कारण दहातली आठ दुखणी तिथंच असतात. दुर्बीण दोन कड्यांत बसते, कड्या पट्टीवर आणि पट्टी स्क्रूंनी रायफलीवर. तिनं एकेक सोडवत नेलं. पुढचा स्क्रू हातात आला तशी ती गालातल्या गालात हसली. स्क्रू केसभर लांब होता. पान्याला घट्ट लागत होता खरा, पण पट्टी आवळण्याआधी त्याचं टोक खाली नळीलाच जाऊन टेकत होतं. वरून सगळं ठाकठीक आणि आतून पट्टी मोकळी. चोर सापडला की मिस्त्रिणीला जेवण सुचत नसे. तिनं स्क्रू कानशीनं घासला, पट्टी पुसून बसवली, कड्या सारख्या मापानं आवळल्या, दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याशी लावून घेतली. वहिनीनं मागून तिच्या डोक्यावर टपली मारली. दोघी गाणं गुणगुणतच रेंजवर निघाल्या.

रेंज गावाबाहेर, टेकडीच्या पोटाशी होती. छपराखाली सिमेंटचे ओटे, प्रत्येक ओट्यावर एक चटई, पुढं गवताचं मैदान आणि लांब मातीच्या बांधासमोर कागदी निशाण्यांची रांग. तिथली देखभाल उस्ताद करायचे. जन्मभर बंदुकांच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडायचं, आणि ते ओरडून म्हणायचे, ओरडू नका.

वहिनी पालथी झोपली, दस्ता खांद्याला लावला आणि पाच गोळ्या झाडल्या. मिस्त्रीण तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून निशाणी बघत होती. पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून, रुपयाखाली झाकाव्यात अशा लागल्या होत्या.

पण मधोमध नाही. उजवीकडे, वीतभर.

पट्टी सैल असती तर गोळ्या विखुरल्या असत्या. या तर शहाण्या पोरींसारख्या ओळीनं भलत्याच घरी गेल्या होत्या. मिस्त्रिणीचा अंगठा आपोआप ओठावर गेला. कोडं अवघड आहे म्हटल्यावर तिला आतून गुदगुल्या व्हायला लागत.

आता राहिला ब्रेक. नळीच्या तोंडावर आटे पाडून बसवलेला लोखंडी तुकडा, दोन्ही बाजूंना भोकं असलेला. गोळीमागून येणारा तापलेला वायू त्या भोकांतून दोहीकडे फुटतो आणि खांद्याला बसणारा दणका निम्म्यावर येतो. तो नसता तर वहिनीचा खांदा दहा गोळ्यांतच जाग्यावर राहिला नसता. मिस्त्रिणीनं ब्रेक काढला आणि वहिनीला दात आवळून एकच गोळी झाडायला लावली. गोळी नेमकी मधोमध बसली. ब्रेक चढवला. गोळी उजवीकडे.

"सापडला," मिस्त्रीण म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं.

ब्रेक तिरपा बसला असेल म्हणून तिनं नळीतून सरळ गज घालून पाहिला. गज ब्रेकच्या भोकातून अगदी मधून बाहेर आला. तिनं पेटीतला दुसरा, कोरा ब्रेक बसवला. गोळी उजवीकडेच. मग तिनं तो काढून छपराबाहेर उजेडात धरला, आणि तेव्हा तिला ते दिसलं. ब्रेकची डावी भोकं काजळीनं काळी झाली होती. उजवी भोकं कोरी होती. दुकानातून आणली तशी चकचकीत.

एका बाजूची भोकं बुजली तर असंच होतं, हे तिला माहीत होतं. वायू डावीकडूनच फुटतो आणि नळीला उजवीकडे रेटतो. एकदा एकाच्या ब्रेकमध्ये गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं, तेव्हा हेच झालेलं. पण इथं तर भोकांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

तिनं ब्रेक अर्धा फिरवून बसवला. उजवी भोकं डावीकडे गेली, डावी उजवीकडे आली. वहिनीनं गोळी झाडली. आता कोरी होती ती भोकं काळी झाली. ब्रेकमध्ये दोष नव्हता. दोष, जर त्याला दोष म्हणायचं, तर उजव्या बाजूत होता.

मिस्त्रिणीचं काळीज धडधडायला लागलं होतं, पण ते भीतीनं नव्हे. लहानपणी कुलपात भलतीच किल्ली फिरते तेव्हा होतं तसं. तिनं उस्तादांकडून रेघा मारायची खडूची भुकटी मागून आणली आणि नळीच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना ओट्यावर पातळ पसरली. उस्ताद ओरडून म्हणाले, रांगोळी घालताय का? ती भुकटी बोटांनी सारखी करत राहिली.

वहिनीनं घोडा दाबला.

डावीकडची भुकटी उडून ओटा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. उजवीकडचा एक कणही हलला नव्हता. मिस्त्रिणीच्या बोटांचे ठसेसुद्धा तसेच होते.

दोघींनी ओटा बदलला. तेच. मिस्त्रीण म्हणाली, सरका, आता मी मारते. ती पालथी झोपली, श्वास सोडला आणि गोळी झाडली. भुकटी दोन्हीकडून ढगासारखी उठली, तिच्या डोळ्यांत गेली, उस्तादांच्या टोपीवर बसली. गोळी मधोमध लागली होती.

ती डोळे चोळत उठली. वहिनीनं पुन्हा जागा घेतली, भुकटी पुन्हा पसरली, पुन्हा गोळी. डावीकडे स्वच्छ, उजवीकडे जशीच्या तशी.

छपरावर एक कबुतर चालत होतं, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"तुम्हाला काही जाणवतं का?" मिस्त्रिणीनं शेवटी विचारलं.

वहिनीनं खांदा फिरवून पाहिला. "दुखत नाही," ती म्हणाली. "अर्धा ब्रेक बंद म्हणजे दणका वाढायला हवा ना? तो उलट कमी झालाय. कुणी नळी मुठीत धरून ठेवावी तसं वाटतं."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मिस्त्रिणीलाही हसू आलं, कारण तिच्या दोन्ही हातांवर काटा उभा होता आणि तो बसायला तयार नव्हता.

मग वहिनीनं जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच मिस्त्रिणीला नवल वाटलं. गोळ्या एकाच जागी जातात, तर दुर्बिणीचं शून्य त्याच जागी लावायचं. म्हणजे गोळ्या वीतभर डावीकडे, मधोमध येतील आणि आपण मोकळ्या. मिस्त्रिणीनं तिला समजावलं की आज जे आहे ते उद्या नसलं, तर सगळ्या गोळ्या डावीकडे जातील आणि एका दिवसात सगळं संपेल. तिनं दुसऱ्या रायफलीची गोष्ट काढली, ब्रेकशिवाय मारायची काढली, खांद्याला पट्टा बांधायची काढली. वहिनी शांतपणे ऐकत राहिली आणि चटईवरचा खडू हातानं झटकत राहिली. फक्त डावीकडचा.

"येईल," ती म्हणाली. "तुम्ही लावा."

मिस्त्रिणीनं दुर्बिणीची कळ फिरवली. पुढच्या पाच गोळ्या निशाणीच्या काळजात, एकाच भोकात गेल्या. वहिनीनं अशी नेमबाजी कधीच केली नव्हती. खरं तर त्या रेंजवर कुणीच केली नव्हती. उस्तादांनी कागद काढून आणला, उन्हासमोर धरला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी बोलले, ते दोघींनाही ऐकू आलं नाही.

निवडीच्या सकाळी रेंज माणसांनी फुलली होती. गाड्यांची दारं, पेट्यांच्या कड्या, कुणाचं तरी पोर रडतंय, पंच शिट्टी शोधताहेत. दादा सुट्टी काढून आला होता आणि सगळ्यांना विचारत होता की कुठं बघायचं. मिस्त्रीण वहिनीच्या मागं मोठी दुर्बीण लावून बसली. तिच्या तळहातांना घाम होता, म्हणून ते तिनं मांडीवर पालथे ठेवले.

पहिली गोळी सुटायच्या आधी तिनं डोळे मिटून घेतले. आवाज झाला. उघडले.

मधोमध.

दादानं मागून तिचा खांदा इतका दाबला की ती कळवळली. दुसरी गोळी पहिलीला खेटून. तिसरी. शेजारच्या ओट्यांवरचे लोक आपलं सोडून इकडे बघायला लागले. डाव्या बाजूचा नेमबाज उठून पंचांकडे तक्रार घेऊन गेला की या बाईंच्या रायफलीचा सगळा वारा माझ्याच कानशिलावर येतोय, माझी टोपी दोनदा उडाली. पंचांनी त्याला कान झाका म्हणून परत पाठवलं. उजव्या बाजूच्या माणसानं नळीपासून हातभर अंतरावर कागदी पेल्यात पाणी ठेवलं होतं. मिस्त्रिणीचं लक्ष पुन्हापुन्हा त्या पेल्यावर जात होतं. पाण्यावर साधी लाटसुद्धा उठत नव्हती.

गुणांत वहिनीच्या बरोबरीला आता एकच जण होती, आणि गोळी एकच उरली होती.



वहिनीनं गाल दस्त्याला लावला. मग, घोडा दाबण्याआधी, तिनं डोकं जरासं उजवीकडे कलतं केलं. कुणी कानात काही सांगत असलं की करतात तसं.

ती हलकेच "हो" म्हणाली.

गोळी सुटली.

मोठ्या दुर्बिणीत मिस्त्रिणीला नवं भोक दिसेना. तिनं भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग पंचांनी कागद मागवला, भिंग लावलं आणि मान वर केली. गोळी आधीच्याच भोकातून गेली होती, कडेला केसभर खूण ठेवून.

पुढचं सगळं कल्लोळात गेलं. दादानं बायकोला भर रेंजवर उचललं, उस्ताद ओरडून म्हणाले ओरडू नका, डावीकडच्या नेमबाजानंसुद्धा टोपी सापडल्यावर येऊन हात मिळवला. वहिनी रडत होती आणि हसत होती. संघातली जागा तिची झाली होती. परदेशात कुठं जायचं, कधी निघायचं, पंच सगळं सांगत होते आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

घरी आल्यावर दुपारी तिघं स्वयंपाकघरात बसली. उन्हानं फरशीसुद्धा तापली होती. दादानं टेबलपंखा आणून वहिनीच्या उजव्या हाताशी, खुर्चीपासून पाऊलभरावर ठेवला आणि जोरात लावला, जिंकून आलेल्या माणसाचा मान म्हणून. मिस्त्रीण म्हणाली की जायच्या आधी दुर्बिणीचं शून्य पुन्हा मूळ जागी आणून देते, तिकडची रेंज वेगळी, तिकडचे लोक वेगळे.

"राहू द्या वन्सं," वहिनी म्हणाली. "तिकडंही असंच लागेल."

दादा खुशीत होता. कुठले कपडे घ्यायचे, किती वजन चालतं, ते बोलत होता. पंख्याच्या वाऱ्यानं पलीकडच्या खिडकीचा पडदा फुगत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मिस्त्रिणीचे केस तोंडावर येत होते, ते ती सारखे मागे सारत होती. दादाच्या पुढ्यातला रुमाल उडाला, त्यानं तो पेल्याखाली दाबला.

मग बोलता बोलता तो थांबला. "अगं, तुला एवढं का उकडतंय?" त्यानं बायकोला विचारलं.

वहिनीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. उजव्या कानावरची बट गालाला चिकटून बसली होती, आणि पंख्याच्या सगळ्यांत जवळ तीच होती.