बोळातलं रडणं

दार लोटून घे रे, आणि त्या मोबाइलचा उजेड बंद कर. भुताची गोष्ट सांगा म्हणून तुम्हीच मागे लागलात. पण आता सांगतो ती माझ्या भाचीवर गुदरलेली आहे, तिच्याच तोंडून ऐकलेली. मधे फिदीफिदी हसायचं नाही.

ही माझ्या चुलतबहिणीची मुलगी. लहानपणी सगळ्या भावंडांना दटावत हिंडायची, म्हणून आम्ही तिला फौजदारीण म्हणायचो. पुढे ती खरंच पोलिसात लागली, तेव्हा चिडवणारे आम्हीच चिडीचूप झालो.

मागच्या नोव्हेंबरात तिची नव्या गावात बदली झाली. महिन्याचा दुसरा शनिवार. काम अगदी साधं. एका म्हाताऱ्या शिंप्याला परदेशातल्या मुलीकडे जायचं होतं, त्याच्या पासपोर्टसाठी पत्त्याची खातरजमा करायची. शिंपी दिवसभर दुकानात, म्हणून ही रात्री साडेनऊच्या सुमाराला त्याच्या घरी गेली. अरुंद बोळ. घरं इतकी समोरासमोर की एकाच्या फोडणीने दुसऱ्याला ठसका लागावा.

शिंप्याने खुर्ची दिली, बायकोने पाणी आणलं. टीव्हीवर कसलीशी मालिका चालू होती. फौजदारीण कागद लिहायला लागली, तोच बाहेरून रडणं ऐकू आलं. लहान मुलाचं. मोठ्याने नाही. उशीत तोंड खुपसून रडावं, तसं.

शिंपीणकाकूंनी मानही न वळवता रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

हिने पेन खाली ठेवलं. "काकू, कोण रडतंय?"

"कुठे काय? कोणी नाही."

"मला ऐकू आलं."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग शिंपी हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. त्याकडे लक्ष देऊ नका. ती... गेलेली आहे."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. समोरचं घर औषधवाल्याचं. माणूस लाख मोलाचा, अर्ध्या रात्रीसुद्धा दुकान उघडून औषध देणारा. बायको धाकटीच्या बाळंतपणात गेली. पदरात दोन मुली; धाकटीला न्हाऊ घालणं, तिची वेणीफणी थोरलीच करायची. थोरलीच्या अंगावर वळ दिसायचे. कधी ओठ फुटलेला असायचा. शाळेतल्या बाईंनी तक्रार केली, तेव्हा बालकल्याणच्या कार्यालयातून एक साहेब आले. औषधवाल्याने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. साहेबांनी पोरीला बोलावलं आणि बापाच्या देखत विचारलं, "बाळ, तुला घरी कोणी मारतं का?"

पोरीने बापाकडे पाहिलं. म्हणाली, "नाही. मी पडते."

"जपून चालावं हं," साहेब म्हणाले आणि निघून गेले. तक्रार निकालात निघाली.

पुढे, दोन वर्षांपूर्वी, ती जिन्यावरून पडली म्हणे. आठ वर्षांची होती. बोळातली झाडून सगळी माणसं तिला पोचवायला गेली होती. जिना पाहायला कोणी गेलं नाही.

"तेव्हापासून रात्रीची रडते," शिंपी म्हणाला. "आधी झोप लागायची नाही. आता सवय झाली."

फौजदारीण ऐकत होती. ती म्हणाली, "आणि धाकटी?"

"ती मामाकडे असते ना."

"कोणी सांगितलं?"

"औषधवाल्यानेच."

"तिला जाताना तुम्ही पाहिलंत?"

काकूंच्या हातातला रिमोट हळूहळू मांडीवर आला. त्यांनी टीव्ही बंद केला. आता रडणं स्पष्ट ऐकू येत होतं.

फौजदारीण उठली, तेव्हा शिंप्याने हात जोडले. "नका जाऊ, ताई. तिच्या वाटेला जाऊ नये."

बोळात येऊन तिने चौकीला फोन लावला. तिथले साहेब वैतागले. "अगं, त्या घराची चौकशी झालेली आहे. घरातलं प्रकरण. भला माणूस आहे तो. सकाळी बघू."

फोन बंद झाला. आणि रडणंही थांबलं.

बोळात एकच दिवा, तोही लांब. बहुतेक खिडक्या बंद. काही खिडक्यांचे पडदे हलले आणि परत स्थिर झाले.

औषधवाल्याच्या पायरीवर एक मुलगी उभी होती.

शाळेचा फ्रॉक. पाय अनवाणी. हिला वाटलं, हीच धाकटी. पण अंगलट तर आठेक वर्षांची...

"बाळ, इकडे ये."

मुलगी हलली नाही. नुसती बघत राहिली. मग वळली आणि घराच्या कडेच्या सांदीत शिरली.

फौजदारीण मागे गेली. सांद इतकी अरुंद, की खांदे भिंतींना घासत होते. पुढे फ्रॉक दिसत होता. पावलांचा आवाज नव्हता. भाची म्हणते, "मामा, तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं."

मागे परस. कोपऱ्यात पत्र्याची खोली. दाराला बाहेरून कुलूप.

मुलगी दारापाशी थांबली.

हिने विचारलं, "आत कोण आहे?"



हिने दाराला कान लावला. आत... श्वास. बारीक. तुटक.

वळून पाहिलं.

परसात कोणी नव्हतं.

पळावंसं वाटलं, हे तिने माझ्यापाशी कबूल केलं. पण आत कोणीतरी श्वास घेत होतं ना. तिने दगड उचलला आणि कुलपावर घातला.

मागचं दार उघडलं. औषधवाला. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. "काय चाललंय, ताई? तिथे जुनं सामान आहे. उंदीर फार झालेत."

"किल्ली द्या."

"कोणाच्या हुकमाने? तुमच्या साहेबांना फोन करू? माझे चांगले ओळखीचे आहेत."

तो जवळ येत होता. हिने दगड घट्ट धरला आणि बोळाकडे तोंड करून ओरडली, "अहो, या ना कोणीतरी बाहेर!"

एक खिडकी लागली. आणखी एक लागली.

मग सांदीतून कोणीतरी धापा टाकत आलं. शिंपीणकाकू. पायात चप्पल नाही, हातात खलातला लोखंडी बत्ता. मागे शिंपी. काकूंनी औषधवाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बत्ता फौजदारणीच्या हातात दिला. शिंपी दोघींच्या आणि त्या माणसाच्या मधे उभा राहिला.

कुलूप तुटलं.

पोत्यावर धाकटी बसलेली होती. पाच वर्षांची पोर, दिसत होती तिनाची. उजवा हात कोपरापासून सुजून टम्म झालेला. मागच्या दारातून आलेल्या उजेडाने तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "मी रडले नाही. खरंच नाही रडले."

काकू तिथेच भुईवर बसल्या. "आम्ही ऐकलं गं बाळा... रोज ऐकलं..."

"मी नाही," पोर म्हणाली. "रडलं की बाबा जास्त मारतात. मी कधीच रडत नाही."

...

पुढे व्हायचं ते झालं. औषधवाल्याला धरलं, थोरलीचंही प्रकरण पुन्हा उघडलं. बालकल्याणचे तेच साहेब दवाखान्यात आले. या वेळी पोरीजवळ एकटेच बसले. विचारलं काहीच नाही. बराच वेळ तसेच बसून होते म्हणे, आणि बाहेर आल्यावर भिंतीला टेकून रडले. बोळातले लोक भांडी भरभरून खाऊ घेऊन आले. दोन वर्षं ज्यांना दार उघडवलं नाही, त्यांची दवाखान्याच्या दारात रीघ लागली. ती पोर आता एका आश्रमात आहे. काकू दर रविवारी जातात. शिंपी अजून परदेशी गेलेला नाही.

बोळात त्या रात्रीनंतर रडणं ऐकू आलेलं नाही.

भुतं वाईट असतात का, असं मला विचारू नका. माझी भाची ज्या दिवशी हे सांगत होती, त्या दिवशी ती भुताला भ्यालेली नव्हती. आपण सगळे बंद खिडक्यांच्या आत बसलेलो असतो, त्याला ती भ्याली होती.

एवढंच एक सांगायचं राहिलं.

दवाखान्यात नर्सने पोरीला उजेडात नीट पाहिलं. अंग मळलेलं, कपडे फाटलेले, हात मोडलेला. कित्येक दिवस कोंडलेली. त्या खोलीत ना पाणी, ना फणी, ना आरसा.

नर्सने विचारलं, "हिचे केस कोणी विंचरले?"

दोन घट्ट वेण्या होत्या. मधे सरळ भांग.

आणि केस अजून ओले होते.