सजीवांचा रकाना

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं मी एकच काम करते. तळ्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यातल्या सूक्ष्म शेवाळाच्या पेशी मोजायच्या. धाकटी बहीण चिडवते, "ताईला शेवाळाचा पगार मिळतो." मिळतो बाई. पण तुझ्या सात महिन्यांच्या लेकाची दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवतेस, हे विसरू नकोस.

तळ्याकाठी प्लास्टिकचा कारखाना आला आणि नमुन्यांत पांढरे कण दिसू लागले. ते पेशींना चिकटून त्यांचं ऊन अडवायचे. हिरव्या पेशी फिकट पडत गेल्या. मी दर आठवड्याला साहेबांना कळवलं. पालथ्या घड्यावर पाणी!

शेवटी एक नमुना बाटलीत बंद करून खिडकीत ठेवला. मोजणीपुरतं झाकण मीच उघडायची, मीच सील करायची. सोमवारी पेशी दोनशे, कण चाळीस. बुधवारी पेशी साठ, कण ऐंशी. शुक्रवारी पेशी एकही नाही. कण एकशे साठ.

तीनदा मोजलं.

ऊन आलं, तसे त्या मेलेल्या पाण्यातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. तपासलं, तर ऑक्सिजन. शेवाळ जिवंत असताना होता त्याहून जास्त.

साहेबांना बोलावून दाखवलं. ते सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले.

"वाढतायत ना? मग सजीवांच्या रकान्यात लिहा."

"साहेब, ते प्लास्टिक आहे!"

"ऑक्सिजन भरपूर, सजीव भरपूर. पाणी उत्तम. उगाच राईचा पर्वत करू नका, मॅडम."

"मी असल्या अहवालावर सही करणार नाही."

"नका करू." त्यांनी माझ्याच टेबलावर वाकून स्वतः सही ठोकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या गावाला हे पाजणार, आणि वर उत्तम म्हणणार! तशीच उठून बहिणीचं घर गाठलं. ओट्यावर दुधाची बाटली भरलेली होती. ती सिंकमध्ये ओतली.

"नळाचं पाणी त्याला द्यायचं नाही! आजपासून!"

"अगं, हळू बोल. तसंही दोन दिवस तो दूध घेतच नाहीये."

"आजारी आहे?"

"छे गं. उलट वजन वाढलंय. खिडकीत उन्हात पडून हसत असतो नुसता." तिने सिंकमधली रिकामी बाटली उचलली. "पडदा ओढला की मात्र भूक लागल्यासारखा रडतो."