दीडवर थांबलेली सुई

घरातला हॅम रेडिओ हौशी ऑपरेटरांच्या क्लबला देऊन टाकायचं एकदाचं ठरलं आणि दिवेलागणीला तिचे धाकटे दीर सामान काढायला आले. गच्चीवरची अँटेना वादळात पडून कधीच भंगारात गेली होती. उरली होती खिडकीतून आत येणारी काळी केबल, आणि तिच्या मधे नवऱ्याने जोडलेला टीव्हीच्या केबलचा पांढरा तुकडा.

"दादाचं हे ठिगळ," तुकडा सोडवून टेबलावर ठेवत दीर म्हणाले. "पन्नास ओहमच्या केबलीत पंच्याहत्तरची. मग पाठवलेलं थोडं परत येणारच. किती परत येतं ते दाखवणारा मीटर दीडच्या खाली उतरेल कसा?"

"मी काय कमी बोलले त्यावरून? तर हे म्हणायचे, आपल्या दोघांचं तरी कुठे जुळतं? चाललंय ना."

परवाना नवरा-बायको दोघांचाही होता. पण ते गेल्यापासून तिने माइक हातात धरला नव्हता. हवेत कुणी ओळखीचं भेटलं आणि त्यांची चौकशी केली, तर काय सांगायचं? त्यापेक्षा रेडिओ नजरेआड झालेला बरा.

दीर जिन्यातून खोकी आणायला वळले. रेडिओ अजून खरखरत होता. शेवटचं म्हणून तिने माइकचं बटण दाबलं.

"वहिनी, नको... पुढे काहीच जोडलेलं नाही. सगळं उलटं येईल. सेट जळेल."

रेडिओची केबल तिच्या पायाशीच, जमिनीवर संपत होती. सुई उजवीकडे जाऊन आपटायला हवी होती. ती सावकाश उठली, जराशी थरथरली आणि थांबली. दीडवर.

दिरांनी मीटरवर टिचकी मारली. सुई डगमगली, पुन्हा तिथेच आली. बंद खोलीत राळेचा वास पसरला, आत्ताच कुणी सोल्डरिंगचा डाग दिल्यासारखा.

तिने घसा साफ केला. आपली परवान्यावरची खूण सांगितली. बटण सोडल्यावर नुसती खरखर... आणि मग खरखरीतून एक म्हातारा आवाज वर आला. जहाजावरून निवृत्त झालेले ऑपरेटर, दोघांचे जुने स्नेही.

"कोण, ताई? कळलं होतं मला सगळं. रोज कान लावून बसतो, म्हटलं कधीतरी येतील." मग त्यांनी विचारलं, "आवाज स्वच्छ येतोय हो. अँटेना नवी घातली वाटतं?"

तिने पायाशी पडलेल्या टोकाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "जुनीच आहे."

दीर जिन्यातली खोकी परत न्यायला निघाले. टेबल मोकळं करावं म्हणून त्यांनी पांढरा तुकडा उचलला आणि चटकन खाली ठेवला.

"वहिनी... हा गरम आहे."

तिने त्यावर तळहात ठेवला, आणि तसाच ठेवून बोलत राहिली.