जयवंतचं कोपर

"मानसी, खुर्ची जरा जवळ घे. हर्षद, मोबाइल ठेव खिशात. हे आपल्या नंदूच्या बाबतीत घडलंय. हसायचं असेल तर आत्ताच उठा.

मागच्या डिसेंबरातला शेवटचा रविवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. बायकोच्या, नलिनीच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून नंदू समोरच्या मेडिकलला निघाला. जन्मापासून दिसत नाही त्याला, पण घाटकोपरचा हा नाका त्याच्या पायाखालचा. चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाला की खांबावरचा डबा टिकटिक करायचा, ते ऐकून तो रस्ता ओलांडायचा. त्या महिन्याच्या सुरुवातीलाच डबा बंद झाला होता. झोपमोड होते म्हणून आपल्या सोसायटीनंच अर्ज दिला होता. खाली माझीही सही... हो, माझीही. डबा बंद झाला आणि पुढच्याच आठवड्यात नंदूचा दोस्त जयवंत तिथेच डंपरखाली गेला. तोही अंध.

तर नंदू काठी टेकून उभा. गाड्या थांबेनात. एरवी लोक मदत म्हणून काय करतात? दंड पकडून ढकलतात. मीही तेच करायचो. तो वैतागायचा, 'मी काय हातगाडी आहे? कोपर दे, मी धरतो.' ते फक्त जयवंतला जमायचं. जयवंत काठी घेऊन पुढे, नंदू त्याचं कोपर धरून मागे. पायरी आली की जयवंत कोपर दोनदा बरगडीशी दाबायचा.

त्या रात्री कुणीतरी शेजारी आलं. न बोलता कोपर पुढे केलं.

गार होतं.

'कोण रे?' नंदूनं विचारलं.

कोपर पुढे सरकलं.

निघाले. सावकाश. मधेच कोपर थांबलं. नंदूही थांबला. नाकासमोरून काहीतरी अवजड गेलं. हॉर्न न देता.

पुन्हा चार पावलं.

मग कोपर दाबलं गेलं. एकदा... दोनदा.

पायरी.

नंदू चढला. हात रिकामा."

"मग, काका?" मानसीनं खुर्ची अजून जवळ ओढली.

"मेडिकलवाला त्याला परत सोडायला आला. नंदू थेट माझ्या दारात. एवढंच म्हणाला, 'तुझी सही मागे घे.' लाज वाटली गं. मी घेतली. बाकीच्यांनी नाही. डबा अजून बंदच आहे. म्हणून रोज नऊला मी सिग्नलवर जाऊन उभा राहतो. कुणी आलं तर कोपर देतो. आता जमतं मला."

"काल कोण आलं होतं?" हर्षदनं विचारलं.

"कुणीच नाही. तासभर एकटा उभा होतो. घरी येऊन शर्ट काढला, तर..."

काकांनी पिशवीतून शर्ट काढून मांडीवर पसरला.

"टॉर्च मार."

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. उजव्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, चार बोटांच्या चुण्या. मागच्या बाजूला अंगठ्याची एक.