सगळ्यांनाच राणी

वारा असा सुटला होता की ऑफिसचं दार धाडकन आपटलं आणि खटका आतून बसला. मिरेया बाहेर पायरीवर तशीच उभी राहिली. नोकरीचा पहिलाच दिवस! शेजारी एक उंच तरुण गरमागरम आरेपा, मक्याची जाड भाकरी, या हातातून त्या हातात नाचवत उभा होता.

"किल्ली?" तिनं विचारलं.

"आत. माझ्या टेबलावर, अगदी सुखात आहे. बस ना, राणी. दुसरी किल्ली मालकीण रुबीबाईंकडं, त्या जेवून येईस्तोवर आपल्याला इथंच बसायचंय."

राणी...? मिरेयाचे कान तापले. ती तुन्हाची, थंड डोंगराळ मुलखातली. तिकडं मुलगा दोन वर्षं मागं मागं फिरला तरी अहो-जाहो सोडत नाही. आणि हा एदेर नावाचा बाप्या, नावगाव विचारायच्या आधीच राणी म्हणून मोकळा! वर आरेपा मोडून मोठा तुकडा तिच्या हातात देऊन.

एवढ्यात डोक्यावर पाटी घेऊन आंबेवाली आली. "राणी, आंबा घे," ती मिरेयाला म्हणाली. "आज नको, राणी," एदेर तिला म्हणाला, त्याच आवाजात, तसंच हसून. या बारान्किया शहरात सगळ्याच राण्या होत्या तर! आता यात चिडण्यासारखं काय होतं? काही नाही. तरी ती चिडलीच.

काम होतं कार्निव्हलच्या नावनोंदणीच्या वेबसाइटचं. एदेरनं नाचपथकांचं पान केलं होतं. त्याचीच नक्कल मारून चित्ररथांचं, मग मुखवटेवाल्यांचं. एका पानावरची चूक दुरुस्त केली की बाकीच्यांवर ती तशीच ठाण मांडून बसायची. रुबीबाईंनी मिरेयाला आणलं होतं ते हा गोंधळ निस्तरायलाच.

"यादी सगळीकडं एकच आहे," मिरेया म्हणाली. "ती एकदाच लिहू. आत काय येणार ते तिला माहीत नसेल. त्या जागी नुसतं T हे अक्षर ठेवायचं, रिकाम्या जागेसारखं. वापरणारा सांगेल, हे पथक आहे की रथ. ओळ कशी दिसावी तेही तोच सांगेल."

"म्हणजे डबा एकच. भात भरा नाहीतर मासे."

"हो."

"आणि कुणीही आलेलं चालतं? बिचारीला काही आवडनिवड?"

"अट घातलीय मी. ज्याला नाव आहे त्यालाच ती आत घेते."

"मला नाव आहे, राणी."

"असेल. पण तुम्ही पथक की रथ, ते आधी ठरवा."

तो इतका हसला की रुबीबाईंनी आतून डोकावून पाहिलं. मग स्वतःच्या हातानं त्यानं आपलं एकेक पान पुसायला घेतलं. दुपारी दोघं पायरीवर जेवायचे, वारा तिचे केस त्याच्या ताटात उडवायचा, आणि तो म्हणायचा, "राणी, केस मला वेगळ्या ताटात वाढ." मिरेया त्याला जीव लावून बसली. उगाच कशाला लपवायचं?

आणि मग एका सोमवारी तो आला. "रुबी, राणी, काय म्हणतेस?" मग कॉफी करणाऱ्या बाईला, "नेल्सी, राणी, कॉफी झाली का?" मिरेयाजवळ आला आणि नुसतंच म्हणाला, "कॉफी?"

बस्स. पुढं काही नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

मिरेयाचं कामातून लक्ष उडालं. उठायची, पाणी प्यायची, बसायची, पुन्हा उठायची. जो शब्द ऐकून चिडली होती, तो नाही म्हणून आता घास उतरेना. पानं पुसायला लावली म्हणून रागावलाय का? त्यात बोगोटाच्या एका मोठ्या ऑफिसातून बोलावणं आलं. शुक्रवारी दुपारी फोन करू, तेव्हा हो की नाही ते सांगा. त्यानं एकदा 'थांब' म्हटलं असतं तर ती थांबली असती. पण म्हणणार कोण? आणि आपण होऊन विचारायचं तरी कसं...

शुक्रवारी त्यानं हाक मारली, "हे चालत नाहीये."

शेवटचं पान होतं, मुखवटेवाल्यांचं. तिची यादी त्यानं तिथं आणून ठेवली होती, आणि खाली लाल ओळ आली होती: प्रकार ओळखता येत नाही, स्पष्ट लिहा.

"एरवी ती दिलेल्या मालावरून ओळखते," मिरेया म्हणाली. "तुम्ही अजून काहीच दिलं नाहीये. मग ती कशावरून ओळखणार? सांगावं लागतं."

त्यानं एक शब्द लिहिला. लाल ओळ गेली.

"तुम्ही हल्ली मला हाक मारत नाही," तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"आत्ता मारली की."

"तशी नाही. आंबेवालीला मारता. काल त्या विजेच्या बिलवाल्या बाईलासुद्धा राणी म्हणालात. मीच काय घोडं मारलंय? तुमची पानं गेली म्हणून—"

"पानं गेली खड्ड्यात."

तो तिच्याकडं बघेना. कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत राहिला.

"सोमवारी आला होता गं शब्द तोंडावर. मग वाटलं, आंबेवालीलाही तोच आणि हिलाही तोच? नाही निघाला. दुसरा शोधत होतो. इथं सगळेच शब्द आम्ही सगळ्यांना वाटून बसलोय." तो थांबला. "आम्हा लोकांना लाजायची सवयच नाही, मिरेया. मला पहिल्यांदाच लाज वाटली."

तिचा फोन वाजला.

"बोगोटा," ती म्हणाली. "नोकरी देताहेत. आज उत्तर हवंय त्यांना."

एदेरचं तोंड उतरलं. एरवी अशा वेळी तो काहीतरी थट्टा करून निसटला असता. "मग... काय सांगणार?"

"तुम्ही काही बोललातच नाही. मी कशावरून ठरवू?"

फोन वाजतच होता.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "मला तू हवीस. राणी नको, कुणी नको... तू. मिरेया."

तिनं फोन कानाला लावला. "नमस्कार, साहेब. हो, मीच बोलतेय. माफ करा, मला नाही जमणार यायला." पलीकडून कारण विचारलं गेलं. मिरेयानं एदेरकडं पाहिलं.

"कारण घरचंच आहे," ती म्हणाली.