पाण्याची बारीक खिडकी

आजोबांचे डोळे बिघडले, की आणखी काही? चंद्रावरच्या त्या वसाहतीत सगळ्यांना हाच प्रश्न पडला होता. हरितगृहाला पाणी सोडायचं काम शास्त्रज्ञ अच्युत आजोबांचं. त्यांनी ‘थांबवा’ऐवजी शेजारचं ‘वाढवा’ बटण दाबलं आणि मटाराचा अख्खा वाफा बुडाला.

“आजोबांना आता दुर्बीण द्या!” जेवणघरात सगळ्यांसमोर त्यांची नात रेणू म्हणाली. हशा पिकला. आजोबाही हसले, पण ताट अर्धं ठेवून उठले. उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर यंत्रमानव बसणार होता.

जेवण झाल्यावर रेणू सहज त्या खुर्चीवर बसली आणि गारच पडली. समोरच्या संगणकावर पाण्याच्या प्रोग्रामची खिडकी एवढीशी! बटणं मोहरीएवढी. तिलाही वाचता येईनात. आणि हा नवा पडदा मोठ्या हौसेनं बसवला होता तिनंच. शरमेनं तिचे कान तापले.

ती हरितगृहात वाफ्याजवळ बसलेल्या आजोबांकडे गेली. “आजोबा, मलाही वाचता येत नाहीये. बाकीच्या खिडक्या मात्र नीट दिसतात.”

आजोबा ताडकन उठले. वाफ्याच्या कडेच्या मातीत त्यांनी बोटानं ठिपके दिले. “रांगोळीचे ठिपके तितकेच, पण जवळजवळ दिले तर?”

“रांगोळी लहान होईल.”

“तेच झालंय. नव्या पडद्यावर पिक्सेल (प्रकाशाचे ठिपके) फार दाट आहेत. नवे प्रोग्राम लिनक्सला (संगणक चालवणाऱ्या प्रणालीला) विचारतात, किती पट मोठं होऊ? माझा जुना प्रोग्राम विचारतच नाही. ठिपके मोजतो आणि चित्र काढतो.”

“मग सुरू करतानाच त्याला सांगू या?”

“हो. स्केल (किती पट, तो आकडा) दोन. मग एका ठिपक्याच्या जागी दोन आडवे, दोन उभे.”

“हे तुम्हाला आधी नाही सुचलं?”

“मला वाटलं, डोळेच गेले. तू म्हणालीस ना.”

रेणू धावतच संगणकाकडे गेली. तिनं आकडा बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू केला. खिडकी ऐसपैस उघडली.

सकाळी जेवणघरात ती उभी राहिली. “आजोबांचे डोळे चांगले आहेत. पडदा मी बसवला, पण त्यांना दाखवला नाही. आणि वर त्यांना हसले. यापुढे नवा पडदा आला की पहिल्यांदा त्यांना विचारणार.”

कुणी हसलं नाही. यंत्रमानवाचा बेत रद्द झाला. आजोबांनी ताट संपवलं आणि ते आपल्या खुर्चीकडे निघाले.

“मटार जगतील, आजोबा?”

“मुळं शाबूत आहेत. चल, ‘थांबवा’ आज तू दाब.”